राहनाळ : मालाच्या वाटेवर दोघं

राहनाळचा पत्ता सांगायचा तर कंपाउंडचं नाव आणि गाळ्याचा नंबर लागतो. अमुक कंपाउंड, तमुक बिल्डिंग, तळमजला, गाळा नंबर एवढा. देऊळ, तळं, वडाचं झाड अशा खुणांवरून इथे कुठला ड्रायव्हर पोचत नाही. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की जुन्या आग्रा रोडवर कशेळी, काल्हेर, पूर्णा आणि मग राहनाळ. पुढे अंजूरफाटा आणि भिवंडी शहर. दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांच्या तोंडाशी शेपूट लावून उभे असलेले कंटेनर, चहाच्या टपऱ्या, वजनकाटे आणि डोक्यावर मेट्रो ५ चे खांब. मेट्रोच्या स्टेशनांत पूर्णा आहे, अंजूरफाटाही आहे, मधल्या राहनाळच्या नावाचं स्टेशन नाही. गावातल्या लोकांना त्याचं फारसं काही वाटत नाही. इथे माणसांपेक्षा माल जास्त उतरतो, हे त्यांना केव्हापासून ठाऊक आहे.

लग्नानंतर आम्ही दोघं इथे राहायला आलो ते भाडं परवडतं म्हणून. नवरा एका गोदामात डिस्पॅच बघतो. कुठला खोका कुठल्या गाडीत आणि कुठली गाडी कुठल्या गावाला, हे आठवडाभर त्याच्या डोक्यात फिरत असतं. सुट्टीच्या दिवशी त्याने खरं म्हणजे झोपावं, पण तो बाइक पुसत बसतो. फिरायला जायचं म्हणजे महाबळेश्वर नाहीतर गोवा, ही आमचीही समजूत होती. ती मोडली पेट्रोलच्या भावाने. लांब परवडेना म्हणून जवळपास हिंडायला लागलो, आणि तासा-दीड तासाच्या अंतरात दोन हजार वर्षं पसरलेली आहेत हे कळत गेलं. राहनाळला कोणी फिरायला येत नाही. राहनाळहून निघायला मात्र ही जागा उत्तम आहे.

आधी गोदामांविषयी, कारण ती समजल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. इथे भाताची खाचरं होती, खाडीच्या बाजूला खाजणं. वस्ती आगरी, पावसाळ्यात भात आणि बाकी वर्षभर खाडी. मुंबईत शिरणाऱ्या मालावर महापालिकेची जकात होती आणि शहरातली जागा सोन्याच्या भावाची. त्यामुळे व्यापाऱ्याने माल हद्दीबाहेर उतरवायचा, इथे साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. नाशिकचा रस्ता जवळ, अहमदाबादचा जवळ, १९८९ पासून न्हावाशेवाचं बंदरही आवाक्यात. ग्रामपंचायतींची हद्द, जमीन स्वस्त. एकेक खाचर भरणी होऊन गाळा झालं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तेव्हा आता ही गोदामं ओस पडणार असं पुष्कळांना वाटलं होतं. झालं उलटंच. करासाठी राज्याराज्यांत छोटी गोदामं ठेवायचं कारण उरलं नाही, मोठी आणि मोक्याची हवीशी झाली, त्यात घरबसल्या खरेदीची लाट आली. आज मुंबईत कोणी मोबाइलवरून कुकर मागवला, तर तो राहनाळच्या आसपास कुठेतरी रात्र काढून जाण्याची शक्यता बरीच.

जकात हा शब्द आला की नवरा नाणेघाटाचं उदाहरण देतो. कल्याण बंदरात उतरलेला माल जुन्नरकडे चढायचा तो नाणेघाटातून. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि बाहेर तो दगडी रांजण, ज्यात जकात पडायची असं सांगतात. मला त्याहून आवडतो तो खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा अनंतदेवाचा ताम्रपट. शके १०१६ चा. त्यात स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली या बंदरांत शिरणाऱ्या दोघा श्रेष्ठींच्या जहाजांना शुल्क माफ केलं आहे. स्थानक म्हणजे ठाणे, कशेळीच्या पुलापलीकडचं. शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमुली म्हणजे चौल. कुणाचा माल फुकट सुटेल आणि कुणाचा अडेल हे तेव्हाही वरच ठरत होतं. ताम्रपट वाचून नवऱ्याने विचारलं होतं, "म्हणजे यांची ओळख होती तर?"

पहिला फेरा घरापासून अगदी जवळचा, अंजूरचा. दापोडा-मानकोलीच्या बाजूने गोदामांच्या रांगांमधून जावं लागतं. वाटेत आपण चुकलो अशी खात्री पटते, आणि तेवढ्यात गाव येतं. अंजूर म्हणजे गंगाजी नाईक अंजूरकरांचं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण ती मोहीम पेशव्यांच्या गळी उतरवण्यासाठी साष्टी-वसईकडची जी माणसं आधीपासून खटपट करत होती, त्यांत अंजूरचे नाईक पुढे होते. पोर्तुगीज राजवटीत देवळं आणि धर्म यांची जी अवस्था होती, तिची तक्रार घेऊन गंगाजी चिंचवडच्या देवांकडे गेले, पुण्याला गेले, आणि १७३७ साली फौजा उतरल्या तेव्हा वाटा दाखवायला हीच मंडळी होती. 'साष्टीची बखर' या घराण्याची हकिगत सांगते. बखरच ती, घरच्या माणसांचं माप तिच्यात थोडं मोठं पडणारच. पण खाडीच्या ओहोटी-भरतीचं, उताराच्या जागांचं, कुठल्या गावात कोण आपलं याचं ज्ञान पुण्याहून आणता येत नाही, हे कुणीही मान्य करील. नाईकांच्या वाड्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे. लाकडी खांब, उंच जोतं, चौक. वाडा राहता आहे, तेव्हा दर्शन घ्यावं, विचारल्याशिवाय आतल्या खोल्यांत डोकावू नये.

लोनाडला मात्र आम्ही पुन्हा पुन्हा जातो. नाशिक महामार्गावर सोनाळ्यापाशी आत वळलं की गोदामं हळूहळू विरळ होतात, शेतं दिसू लागतात आणि एका बुटक्या डोंगराच्या पोटात लेणं दिसतं. चढ फारसा नाही. पावसाळ्यात निसरडं असतं, म्हणून चपला न घालता बूट घालावेत. लेणं बौद्ध, साधारण पाचव्या ते सातव्या शतकातलं आणि अर्धवट राहिलेलं. आत आता खांडेश्वरी देवी आहे. देवीला हळदकुंकू, नारळ, नवसाच्या हिरव्या बांगड्या. बुद्धाच्या घरात देवी कधी आली हे विचारायला तिथे कोणी नसतं, आणि देवीची पूजा होते म्हणून लेणं झाडलेलं असतं, हेही खरं. पुरातत्त्वाचा निळा फलक असलेल्या आणि कुणीच न झाडलेल्या जागा आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत.

व्हरांड्यात कोरलेला शिल्पपट आहे. एका टोकाला राजदरबार, बसलेला राजा, भोवती स्त्रिया आणि सेवक. आणि दर्शनी भागात लहान लहान आकृत्यांची एक लांब पट्टी. दगड मऊ, तोंडं झिजलेली. सकाळी तिरपं ऊन पडतं तेव्हा हात-पाय वेगळे कळतात, दुपारी सगळं सपाट होतं. काही अभ्यासक या पट्टीत विश्वंतर जातक ओळखतात. ही गोष्ट माहीत असली की तिथे उभं राहण्यात मजा येते. विश्वंतर हा दानशूर राजपुत्र. पाऊस पाडणारा पांढरा हत्ती त्याने शेजारच्या राज्याला देऊन टाकला म्हणून प्रजा खवळली, त्याला राज्याबाहेर काढलं. बायको माद्री म्हणाली, मीही येणार. दोघं मुलांना घेऊन रथातून निघाले. वाटेत कुणी घोडे मागितले, दिले. रथ मागितला, दिला. मग एकेक मूल कडेवर घेऊन रानातून पायी. पुढे वनात मुलं मागितली, तीही दिली, आणि शेवटी बायको. बायको मागणारा मात्र देवच असतो, आणि सरतेशेवटी सगळं परत मिळतं.

"हा खरा डिस्पॅचवाला," नवरा म्हणाला. "आलेला माल ठेवायचाच नाही."

"बायको देताना तिला विचारलं होतं का?" मी म्हटलं.

तो पट्टीकडे बघत राहिला. मुलं कुठली, रथ कुठला, हे शोधण्यात आमचा अर्धा तास जातो आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं. इतक्या झिजलेल्या दगडात ठामपणे बोट ठेवणाऱ्यांचा मला हेवा वाटतो.

खाली गावाच्या अंगाला जुन्या शिवमंदिराचे अवशेष आहेत, शिलाहारांच्या काळातले. सुटे कोरीव दगड इकडेतिकडे पडलेले. या परिसरातच चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख सापडला. महाशिवरात्रीला दिलेल्या दानाचा तो लेख. त्यात बापग्राम नावाचं गाव येतं, आणि अभ्यासक ते आजचं बापगाव असं ओळखतात. कल्याण-पडघा रस्त्यावर बापगावची पाटी येते तेव्हा मी नवऱ्याला बाइक हळू करायला लावते. पाटी साधीच आहे. पण जवळजवळ आठशे वर्षं एका गावाने आपलं नाव सांभाळलं, तर ते पुन्हा एकदा वाचायला काय हरकत आहे? अशा दानलेखांच्या दगडावर वर चंद्र-सूर्य आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाची शिवी कोरलेली असते. त्याला गधेगाळ म्हणतात. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान टिकेल, आणि जो हात लावील त्याची आई त्या शिवीत अडकेल. शिवी दगडात कोरायची आणि ती राजाने कोरायची, हे वाचून हल्लीच्या 'येथे गाडी लावू नये' पाट्या फारच मवाळ वाटू लागतात. मला फक्त त्या शिवीतल्या बाईची पंचाईत वाटते. दान मोडणार पुरुष, भोगणार त्याची आई.

वाडा रस्ता हा आमचा पावसाळ्याचा रस्ता. भिवंडीतून बाहेर पडलं की कवाड, पुढे दुगाड फाटा, मग अंबाडी. दुगाडच्या डोंगरावर गुमतारा किल्ला आहे. वर जायचं तर वाटाड्या घ्यावा, रान दाट आहे. आम्ही खालूनच बघतो, कारण आम्हांला तिथे किल्ल्यापेक्षा १७८० चा डिसेंबर दिसतो. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात गॉडर्डने वसईला वेढा घातला होता, आणि वेढ्यातल्या वसईला मदत पोचू नये म्हणून कर्नल हार्टली इकडे दुगाडला अडून बसला होता. रामचंद्र गणेश हा मराठ्यांचा नामांकित सरदार दाट धुक्याचा फायदा घेऊन इंग्रजांच्या टेकडीवर चालून गेला. धुकं अवेळी फाटलं. तो तोफेच्या माऱ्यात पडला, हल्ला मोडला, आणि त्याच दिवसांत वसई इंग्रजांच्या हाती गेली. अप्पांनी दोन वर्षं झगडून घेतलेला किल्ला असा हातचा गेला. आज या रस्त्यावर फाट्याची पाटी आहे, भजी-वड्याची गाडी आहे; रामचंद्र गणेशाच्या नावाचं काही आमच्या नजरेला पडलेलं नाही.

अंबाडी नाक्यावरून डावीकडे वज्रेश्वरी. जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेला की या रस्त्याच्या कडेला कातकरी आणि वारली बाया शेवळं घेऊन बसतात. मातीतून वर आलेले जांभळट-तपकिरी कोंब, पळसाच्या पानात बांधलेले, आणि शेजारी हिरव्या काकडांचा छोटा वाटा. मी एकदा नुसती शेवळं मागितली तर बाईने हात अडवला. "काकडं घे ग बाय, नायतर घसा खाजल." शेवळ्याला खाज असते, ती काकडाच्या आंबटपणाने मारायची, चिरताना आतला पिवळा भाग काढून टाकायचा, हाताला तेल लावायचं. घरी सोललेली कोळंबी घालून केली. भाजी जेमतेम वाटीभर उरते, खटपट दोन तासांची. वर्षातून एकदाच, आणि ती वेळ चुकली तर पुढच्या जूनपर्यंत थांबायचं. आमच्या गोदामात बारमाही सगळं असतं, हे मात्र तिथे मिळत नाही.

वज्रेश्वरीचं देऊळ पाहताना ते देऊळ कमी आणि गढी जास्त वाटतं. दगडी तट, उंच पायऱ्या, पायरीवर कोरलेलं कासव, दारावर नगारखाना. वसई पडली तर तुझं देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पाने देवीला केला आणि १७३९ च्या विजयानंतर तो फेडला, अशी इथली हकिगत. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. चैत्र अमावास्येची यात्रा मोठी. तेव्हा बाइक लावायला जागा मिळत नाही, शहाण्याने तो दिवस टाळावा किंवा त्यासाठीच यावं. जवळच अकलोली आणि गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं. गणेशपुरीला नित्यानंद बाबा १९३६ च्या सुमारास येऊन राहिले, १९६१ साली तिथेच समाधिस्थ झाले; पुढे त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्यामुळे परदेशी साधकांची रीघ लागली. तानसा नदीकाठच्या एवढ्याशा गावात अमेरिकन माणूस मराठीत भाव करताना दिसला तर दचकू नये. कुंडांत उतरणार असाल तर सकाळी लवकर जा. सुट्टीच्या दुपारी पाण्यापेक्षा माणसं जास्त असतात.

कल्याण आम्ही ओलांडतो जास्त आणि पाहतो कमी. कोनच्या बाजूने खाडीचा पूल चढला की दुर्गाडी दिसतो. कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी घेतली १६५७ साली, आणि लगोलग इथल्या खाड्यांत गलबतं बांधायला सुरुवात झाली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रांत कल्याण, भिवंडी आणि पनवेल इथे चाललेल्या या बांधणीची काळजी उमटलेली आहे. कामावर पोर्तुगीजच होते. रुई लैताँव व्हिएगस हा त्यांचा म्होरक्या. वसईच्या अधिकाऱ्यांनी चेपलं तशी ती मंडळी काम टाकून निघून गेली. मराठी आरमाराचा पाया या चिखलात घातला गेला. खाली पाहिलं तर पुलावरून जाणाऱ्या कुणाचाही त्यावर विश्वास बसणार नाही. अंबरनाथचं शके ९८२ चं शिवालय याच टापूत. त्याच्यावर इतकं लिहून झालंय की मी आणखी भर घालत नाही.

कल्याणहून निघालेल्या एका जोडप्याची मात्र आठवण काढायला हवी. १८६५ साली जन्मलेली इथली यमुना जोशी लग्नानंतर आनंदी झाली. नवरा गोपाळराव टपालखात्यात. बदली घेत घेत तो तिला अलिबाग, कोल्हापूर, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर असा फिरवत गेला, तिच्या शिक्षणाला कुठे तरी सोय मिळावी म्हणून. आजच्या भाषेत तो प्रवास निसर्गरम्य वगैरे होता की नाही कोण जाणे. हेटाळणी सगळीकडे भरपूर मिळाली. १८८३ च्या एप्रिलमध्ये ती नवऱ्याला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीत बसली, १८८६ साली पेन्सिल्व्हानियातून डॉक्टर झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेली. एकविसाव्या वर्षी. गोपाळरावांचा विक्षिप्तपणा मला पचत नाही, नवऱ्याला थोडा पचतो. दुर्गाडीच्या उतारावर आमचं यावरून नेहमी वाजतं.

वसईला आम्ही बाइकने जात नाही. अंजूरफाट्याहून खारबाव, कामण, चिंचोटी असा रस्ता आहे, डाव्या-उजव्या हाताला डोंगर सुंदर, पण कंटेनरांच्या मधून दुचाकी न्यायची म्हणजे डोंगराकडे बघायची सोयच नाही. आम्ही भिवंडी रोड स्टेशनवरून दिवा-वसई गाडी धरतो. दिवसाला मोजक्या फेऱ्या, वेळ आधी बघून ठेवावी लागते. एका खिडकीतून खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या खिडकीतून कामणदुर्ग. तिकीट चहा-वड्यापेक्षा स्वस्त, आणि या भागातलं याहून देखणं काही त्या पैशात मिळत नाही. वसई रोडला उतरून किल्ल्याला रिक्षा. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना मिळालेली ही जागा; दोनशे वर्षांत त्यांनी तटाच्या आत चर्च, मठ, इस्पितळ, कचेऱ्या असं अख्खं शहर उभं केलं. आता छप्परं नाहीत, कमानी आहेत, आणि कमानींत लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेलेला गोन्सालो गार्सिया इथलाच. व्यापार करत करत तो त्या टोकाला पोचला होता. समुद्राकडच्या दरवाजातून बाहेर पडलं की कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेले बोंबील.

भिवंडी रोड स्टेशन आता मालाचं ठाणं झालंय. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते अडले तेव्हा इथून पार्सलगाड्या सुटू लागल्या, थेट आसाम-बंगालपर्यंत. नवऱ्याच्या हातातले काही खोके त्यांतून गेले असतील, असं तो अभिमानाने सांगतो. एकदा वसईहून परतताना गाडी मधल्या एका छोट्या स्टेशनात उभी राहिली. समोरून मालगाडी आली, मागोमाग दुसरी; कंटेनरवर कंटेनर, डबे मोजायचा नाद गाडीतल्या पोरांनीही सोडला. मी घड्याळ बघत होते. शेजारी भाजीची टोपली घेऊन बसलेली खारबावची मावशी म्हणाली, "मालाला आधी सोडतात ताई. आपल्याला कुठे पोचायचंय?"

"गोदामात," नवरा म्हणाला. "उद्या सकाळी आठला."